'रडार बंद पडले' म्हणजे नेमके काय बंद पडले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विमाने रखडली की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो : 'रडार बंद, प्रवाशांचे हाल'. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत आठशेहून अधिक उड्डाणांना उशीर झाला, तेव्हाही बहुतेकांनी रडारच गेले असे धरले. रडार शाबूत होते. बिघडली होती ती ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टीम, म्हणजे विमानांचे फ्लाइट प्लॅन इकडून तिकडे पोचवणारी संदेशयंत्रणा. प्लॅन आपोआप येईनात, ते हाताने भरावे लागले, आणि दिल्लीच्या वर्दळीत हाताने काम करायचे म्हणजे रांग लागणारच. पोस्टमन अडकला होता, डोळे उघडे होते.

हा शब्दांचा कीस नाही. काय बिघडले ते कळले नाही तर दुरुस्ती कसली मागायची तेही कळत नाही. जळगावहून आता गोवा, हैदराबाद, पुण्याला विमाने जातात, त्यामुळे 'आपल्याकडचे रडार बंद पडले तर?' असा प्रश्न इथेही निघतो. त्याचे सरळ उत्तर : जळगावच्या विमानतळावर रडारच नाही. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर नाही, शिरपूरलाही नाही. खान्देशच्या आभाळावर नजर ठेवणारी रडारे शेकडो किलोमीटर लांब उभी आहेत. ती बिघडतात कशी, आणि धड असतानाही त्यांना इथले किती दिसते, हे दोन्ही समजून घेण्यासारखे आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. हवामान खात्याचे डॉप्लर रडार पावसाचे ढग पाहते, त्याचा इथे संबंध नाही. विमानांसाठी दोन प्रकारची रडारे असतात. प्रायमरी रडार स्वतः जोरदार पल्स सोडते आणि विमानाच्या पत्र्यावरून परतलेला क्षीण प्रतिध्वनी टिपते. विमानतळाजवळची अशी रडारे साधारण २.७ ते २.९ गिगाहर्ट्झवर चालतात आणि सुमारे ६० सागरी मैलांपर्यंत पाहतात (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). तिथे काहीतरी उडते आहे एवढे त्याला कळते. कोणाचे विमान, किती उंचीवर, हे कळत नाही. सेकंडरी रडार विमानालाच विचारते. प्रश्न १०३० मेगाहर्ट्झवर जातो, विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० वर उत्तर देतो : चार आकडी कोड आणि उंची. कोडमध्ये ० ते ७ एवढेच आकडे चालतात, म्हणून एकूण ४०९६ कोड होतात. त्यातला ७५०० अपहरणासाठी, ७६०० रेडिओ बंद पडल्यास, ७७०० आणीबाणीसाठी. सेकंडरीचा पल्ला २०० ते २५० सागरी मैल असतो. धुळे-नंदुरबारवरून उंचावरून जाणारी विमाने कंट्रोलरला (जमिनीवरून विमानांना वाट सांगणाऱ्याला) दिसतात ती मुख्यतः याच्या जोरावर. विमानातला ट्रान्सपॉन्डर बिघडला तर ते सेकंडरीच्या पडद्यावरून नाहीसे होते आणि बातमी होते 'रडारवरून गायब', जणू जमिनीवरच्या यंत्राने डोळा मिटला.

उंची कळणे न कळणे यात किती फरक आहे, हे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीला दिसले. सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण गेले. एकाला १४ हजार फुटांवर आणि दुसऱ्याला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलेले होते, कझाक विमान आपल्या उंचीच्या खाली उतरले. दिल्लीत त्या वेळी फक्त प्रायमरी रडार कामात होते. दोन ठिपके एकमेकांजवळ येताना दिसत होते, त्यांच्यातली उंची दिसत नव्हती. नवे सेकंडरी रडार आलेले होते, पण कामाला लागलेले नव्हते. खरेदी झाली आणि वापर सुरू झाला, या दोन तारखांतले अंतर यंत्राच्या बिघाडाइतकेच घातक असते. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ ला दाट धुक्यात धावपट्टीवर टक्कर झाली आणि ११८ जण मेले. तिथेही जमिनीवरची हालचाल दाखवणारे जुने रडार काढलेले होते आणि नवे सुरू व्हायचे होते.

आता यंत्राकडे. अँटेनापासून कंट्रोलरच्या पडद्यापर्यंत साखळी लांब आहे : अँटेना, तिला फिरवणारी मोटर आणि गिअरबॉक्स, रोटरी जॉइंट, वेव्हगाइड किंवा केबल, ट्रान्समीटर-रिसीव्हर, ठिपके वेगळे काढणारा प्रोसेसर, तिथून कंट्रोल सेंटरपर्यंतची डेटा लाइन, सेंटरमधले संगणक, आणि शेवटी पडदा. या सगळ्यांच्या पोटात वीज आणि एसी. लोकांच्या डोळ्यापुढे येतो तो फिरणारा मोठा पंखा. सर्वांत मोठे हाल मात्र सहसा दुसऱ्या टोकाकडून होतात, विजेतून, तारेतून, संगणकातून.

तरी यांत्रिक भाग हलका समजू नये. मार्गावरचे लांब पल्ल्याचे रडार मिनिटाला ५-६ फेऱ्या घेते, विमानतळाजवळचे १२ ते १५. मिनिटाला १५ धरल्या तर दिवसाला २१,६०० आणि वर्षाला ७८ लाखांवर फेऱ्या होतात, त्याही उघड्यावर, वाऱ्याचा मार खात. पिठाची गिरणी रात्री तरी थांबते. म्हणून गिअरबॉक्सचे तेल नुसते पातळी बघून चालत नाही, नमुना काढून पाहावा लागतो. तेलात धातूचे चकचकीत कण दिसू लागले की बेअरिंग किंवा दाते झिजू लागले. ही सूचना मिळाल्यावर नियोजन करून रडार बंद ठेवता येते. सूचनेकडे डोळेझाक केली तर ते स्वतःच्या मर्जीने बंद पडते.

रोटरी जॉइंट म्हणजे फिरत्या अँटेनाचा सिग्नल स्थिर यंत्रापर्यंत आणणारा सांधा. आताच्या मोनोपल्स सेकंडरीत सम (बेरीज), डिफरन्स (वजाबाकी) आणि कंट्रोल असे सिग्नलचे तीन मार्ग त्यातून जातात. सांधा झिजला की सिग्नल एकदम तुटत नाही, ठराविक कोनांवर डगमगतो. एकाच दिशेची विमाने वारंवार उड्या मारताना दिसू लागली तर बोट आधी तिकडे करावे. प्रायमरीत वेव्हगाइड नावाची पोकळ धातूची नळी असते, तिच्यात कोरडी हवा दाबाखाली भरून ठेवतात. हवा वाळवायला सिलिका जेल. ते निळे असते, दमट झाले की गुलाबी पडते. पावसाळ्याच्या तोंडावर ते बदलायचे राहून गेले की नळीत ओल धरते, आत ठिणगी पडते, आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप होतो. मूठभर दाण्यांनी सगळे रडार खाली बसते.

ट्रान्समीटर जळाला आणि सारे संपले, ही मॅग्नेट्रॉनच्या, म्हणजे एकाच मोठ्या नळीवर चालणाऱ्या ट्रान्समीटरच्या जमान्यातली गोष्ट. सॉलिड स्टेट ट्रान्समीटर अनेक मॉड्यूलचा बनलेला असतो, एकदोन गेले तरी काम चालू राहते. प्रायमरी रडारचा पल्ला शक्तीच्या चौथ्या मुळाने घटतो, म्हणजे अर्धी शक्ती गेली तरी पल्ला सोळा टक्क्यांनीच कमी होतो. त्यात दोन समांतर चॅनेल असतात, एक कामावर, दुसरा तयारीत, आणि अदलाबदल आपोआप होते. रडारच्या खोलीत बिघाड झाला तरी पडद्यावर बहुतेक वेळा काही कळत नाही, ते यामुळे.

खरा धोका बंद पडलेल्या रडारचा नाही, चुकीचे दाखवणाऱ्या रडारचा आहे. अँटेना कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते सांगणारा एन्कोडर असतो. नेहमीच्या मांडणीत तो फेरीला ४०९६ पल्स देतो, म्हणजे एक पल्स ०.०८८ अंशाचा, आणि उत्तर दिशा दाखवणारा एक वेगळा पल्स. तो बसवताना सरकला, किंवा कपलिंग ढिले झाले, तर सगळी विमाने एकाच दिशेला थोडी थोडी वळलेली दिसतात. पडदा स्वच्छ, ठिपके ठसठशीत, कोड बरोबर, उंची बरोबर. फक्त जागा चुकीची. एक अंशाची चूक १९० सागरी मैलांवर ३.३ मैलांची होते, सहा किलोमीटरहून जास्त. म्हणून मोजून ठरवलेल्या जागी एक स्थिर ट्रान्सपॉन्डर उभा करतात. तो हलणारा नाही, तेव्हा तो पडद्यावर ठरल्या चौकोनातून बाहेर दिसला की रडार खोटे बोलते आहे. हा चौकोन किती मोठा ठेवायचा यावरून भांडणे होतात. लहान ठेवला की खोटे अलार्म वाजतात, आणि खोट्या अलार्मला कंटाळून कोणीतरी तो मोठा करून ठेवतो. देखभाल तपासायला येणाऱ्याने आधी तो चौकोन बघावा.

गोठलेला पडदाही याच जातीचा. डेटा यायचा थांबला आणि शेवटचे चित्र तसेच राहिले, तर दोनचार सेकंद काहीच वावगे वाटत नाही. चांगल्या यंत्रणेत माहिती आली नाही की विमानाची खूण बदलते, काही फेऱ्यांनंतर ती काढून टाकली जाते, आणि पडद्यावरचे घड्याळ थांबलेले चटकन लक्षात येते. काळा पडदा परवडला, तो निदान फसवत नाही.

वीज. इथे खान्देशच्या वाचकाला फार समजावायला नको, मोटर जळाल्याचा अनुभव घरोघरी आहे. रडार आणि कंट्रोल सेंटरला वीजमंडळाचा पुरवठा, डिझेल जनरेटर आणि यूपीएस असे तीन आधार असतात. वीज गेली की जनरेटर १०-१५ सेकंदांत उभा राहायला हवा, मधला वेळ बॅटरी सांभाळते. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात जनरेटर सुरू होत नाही तो बहुधा इंजिनामुळे नव्हे : स्टार्टरची बॅटरी उतरलेली, डिझेलच्या लाइनीत हवा, टाकीच्या तळाला पाणी, किंवा सर्व्हिसिंगनंतर बंदच राहिलेला कॉक. दर आठवड्याला बिनलोडचा दहा मिनिटे चालवून वहीत टिक मारणे हीही फसवणूक आहे. लोड देऊन चालवला नाही तर अर्धवट जळलेले डिझेल एग्झॉस्टमध्ये साचत जाते, आणि खरा भार आल्यावर इंजिन गळपटते.

बॅटरीचे दुखणे इथल्या उन्हाळ्याशी बांधलेले आहे. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून लिहिलेले असते, आणि दर दहा अंश वाढीला ते जवळपास निम्मे होते. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांवर जातो. एसी दोन तास बंद राहिला की बॅटरीची खोली भट्टी होते. ४८ व्होल्टच्या बँकेत २ व्होल्टचे २४ सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. एका सेलचा आतला जोड तुटला की सगळी माळ निकामी. वरून मोजलेला व्होल्टेज मात्र चार्जर चालू असताना ठणठणीत दिसतो. हे पकडायचे तर चार्जर काढून खऱ्या भारावर बॅटरी उतरवून पाहावी लागते, प्रत्येक सेलचा व्होल्टेज नोंदवत. चाचणी चालू असताना वीज गेली तर जबाबदार कोण, या भीतीने तीच सर्वांत जास्त पुढे ढकलली जाते.

१ जानेवारी २०२३ ला मनिलात विजेनेच दगा दिला. यूपीएसच्या बाजूला बिघाड होऊन कंट्रोल सेंटरची वीज गेली. मग यंत्रणा थेट बाहेरच्या पुरवठ्यावर टाकल्यावर २२० ऐवजी ३८० व्होल्ट आले आणि उपकरणांना आणखी फटका बसला. फिलिपाइन्सचे आकाश काही तास जवळजवळ बंद राहिले, शेकडो उड्डाणे कोलमडली. रडारच्या अँटेनाला कोणी हातही लावला नव्हता.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट, जी इथेच लागू पडते. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती सुकली, भेगा पडल्या की अर्थ पिटचा रोध वाढतो. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीत मोजलेला आकडा वर्षभराचा मानला तर जूनच्या पहिल्या वळिवात, जेव्हा विजा सर्वांत जास्त कडाडतात, तेव्हा अर्थिंग सर्वांत कमकुवत असते. मोजणी मे महिन्यात करावी, एका ओमच्या आत येत नसेल तर पिटात पाणी आणि भरण घालावी, नाहीतर पिट वाढवावेत. वीज पडली की बळी जाणारे सर्ज अरेस्टर स्वतःवर हिरवी-लाल खिडकी बाळगून असतात. लाल झालेली खिडकी पुढच्या पावसापर्यंत तशीच, असे चित्र मोबाइल टॉवरखाली कोणालाही बघायला मिळेल.

मग तार. २८ एप्रिल २०२५ ला अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या न्यूआर्क विमानतळाची विमाने सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियाच्या कंट्रोलरांचे रडार आणि रेडिओ दोन्ही सुमारे ९० सेकंद गेले. ९ मेच्या पहाटे पुन्हा तेवढाच वेळ पडदे गेले. जुलै २०२४ मध्ये ते काम न्यूयॉर्कच्या केंद्रातून फिलाडेल्फियाला हलवले होते, पण रडारचा डेटा न्यूयॉर्ककडूनच यायचा, जुन्या तांब्याच्या लाइनीवरून. नंतर तांबे काढून फायबर टाकण्याचे आणि जादा लाइनी देण्याचे काम हाती घेतले गेले. रडार एकीकडे, कंट्रोलर दुसरीकडे, आणि मधली तार तिसऱ्याची, ही रचना जगभर आहे, आपल्याकडेही. आणि तारेचे आपल्याकडे काय होते ते महामार्गाच्या चौपदरीकरणात सगळ्यांनी पाहिले आहे. जेसीबीच्या एका फावड्यात बँक, रेल्वे आरक्षण आणि मोबाइल एकदम बंद.

'दोन लाइनी आहेत' हे उत्तर ऐकून कोणी समाधान मानू नये. वर्षात ९९ टक्के वेळ चालणाऱ्या दोन स्वतंत्र लाइनी असतील तर दोन्ही एकदम बंद असण्याची वेळ वर्षात तासाभराहून कमी येते. एकट्या लाइनीला हाच आकडा साडेतीन दिवसांचा. पण हा हिशेब 'स्वतंत्र' या शब्दावर उभा आहे. दोन कंपन्यांच्या दोन फायबर एकाच चरातून, एकाच पुलाच्या कठड्याला बांधून जात असतील तर ती एकच लाइन आहे, बिले तेवढी दोन येतात. संगणकाचेही तेच. २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनमध्ये एका फ्लाइट प्लॅनमध्ये एकाच नावाचे दोन वेगळे बिंदू आले, मुख्य यंत्रणा गोंधळून थांबली. राखीव यंत्रणेने तोच प्लॅन घेतला, सॉफ्टवेअर तेच, तीही थांबली. सात लाखांहून अधिक प्रवाशांना त्याचा फटका बसला. ३० जुलै २०२५ ला तिथे खरोखरच रडारशी संबंधित बिघाड झाला, तेव्हा राखीव यंत्रणेवर जाऊन सुमारे २० मिनिटांत काम पूर्ववत झाले. तरीही दीडशेहून अधिक उड्डाणे रद्द झाली.

वीस मिनिटांच्या बिघाडाला दिवसभराचा गोंधळ का, हे भुसावळकरांना लवकर पटेल. स्टेशनवरचे सिग्नल गेले की गाड्या उभ्या राहत नाहीत, पण प्रत्येक ड्रायव्हरला कागदी परवाना द्यावा लागतो, पुढचे स्टेशन लाइन क्लिअर देईपर्यंत गाडी हलत नाही, आणि सिग्नल आल्यावरही मागची रांग संध्याकाळपर्यंत पुरते. आभाळात तसेच. रडार असताना एकाच उंचीवरच्या दोन विमानांत ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर चालतात, जवळपास जळगाव ते नशिराबाद. रडार गेले की अंतर मिनिटांत मोजतात, एकाच मार्गावर साधारण दहा मिनिटे. जेट विमान मिनिटाला आठ मैल कापते, म्हणजे दहा मिनिटांचे ८० मैल, १४८ किलोमीटर. जळगाव ते नंदुरबार सरळ रेषेत एवढेच आहे. जिथे सोळा विमाने मावत होती तिथे आता एक.

पडदा गेल्याक्षणी कंट्रोलर काय करतो तेही ठरलेले आहे. शेवटची दिसलेली जागा, वेळ आणि उंची प्रत्येक विमानाच्या स्ट्रिपवर, म्हणजे त्याच्या नोंदीच्या कागदी पट्टीवर टिपायची. रेडिओ चालू असेल तर रडार सेवा संपल्याचे सांगून प्रत्येकाकडून स्थिती मागायची : कुठे, किती वाजता, कोणत्या उंचीवर, पुढचा बिंदू कोणता, तिथे कधी. शेजारच्या केंद्राला नवी विमाने पाठवू नका म्हणायचे, उड्डाणे थांबवायची. आधीपासून उंची वेगवेगळी असलेल्यांची काळजी नाही. नसलेल्यांना हजार फुटांनी वेगळे करायचे. तेवढाही अवकाश नसेल तर आंतरराष्ट्रीय नियम तात्पुरते निम्म्या उभ्या अंतरावर, म्हणजे ५०० फुटांवर निभावू देतात. त्याशिवाय विमानांची आपसातली टक्करविरोधी यंत्रणा जमिनीवरच्या रडारवर मुळीच अवलंबून नसते, ती थेट शेजारच्या ट्रान्सपॉन्डरला विचारते. म्हणून 'रडार बंद, शेकडो जीव टांगणीला' हा मथळा बहुतेक वेळा चुकीचा. उशीर होतो तो जीव टांगणीला लागू नये म्हणूनच.

अपवाद घडतो तो अनेक गोष्टी एकदम ढिल्या सोडल्या की. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमाने आदळली, ७१ जण गेले. झ्युरिकच्या केंद्रात रडार यंत्रणेची ठरवून देखभाल चालू होती. टकरीची पूर्वसूचना पडद्यावर येत नव्हती, मुख्य फोनलाइनही बंद होती, आणि कामावर एकच कंट्रोलर दोन पडदे सांभाळत होता. यातले बहुतेक बिघडलेले नव्हते, परवानगीने बंद केलेले होते. त्यातच टक्करविरोधी यंत्रणेने एका विमानाला वर जा सांगितले आणि कंट्रोलरने खाली. तेव्हापासून पायलटने यंत्राचे ऐकायचे, हा नियम पक्का झाला.

आता खान्देशचे. रडारला क्षितिजाखालचे दिसत नाही. ढोबळ हिशेब असा : विमानाच्या फुटांतल्या उंचीचे वर्गमूळ गुणिले १.२३, तितके सागरी मैल. अँटेनाच्या उंचीचेही तसेच काढून मिळवायचे. शंभर फुटी मनोऱ्याचे बारा मैल होतात. जळगाव मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे १९० मैल, नागपूरपासून सुमारे १९५. म्हणजे जळगाववरचे विमान या दोन्हीपैकी कुठूनही दिसायचे तर ते साधारण २१-२२ हजार फुटांच्या वर हवे, आणि मध्ये सह्याद्री किंवा अजिंठ्याचा डोंगर आडवा आला तर आणखी वर. दिल्ली-पुणे आणि अहमदाबाद-हैदराबाद या सरळ रेषा धुळ्याच्या आसपास एकमेकींना छेदतात. तिथली जेट विमाने ३० हजारांच्या वर असल्याने दिसतात. जळगावला येणाऱ्या एटीआर ७२ जातीच्या विमानाची कमाल उंचीच २५ हजार फूट आहे. ते उतरायला लागले की मुंबई-नागपूरच्या क्षितिजाखाली जाते, आणि तिथून पुढे कंट्रोलर पायलटच्या सांगण्यावर, घड्याळावर आणि स्ट्रिपवर काम करतो. गोंदूर आणि शिरपूरची प्रशिक्षण विमाने तर या क्षितिजाच्या कितीतरी खाली उडतात. यात बेकायदा काही नाही, ही पद्धत जगभर चालते. फक्त रडार चालू असल्याचा आधार खालच्या उंचीवर आपण धरू नये.

यावर 'जळगावला रडार द्या' अशी मागणी लगेच होईल. ती मागणी आम्हाला योग्य वाटत नाही. दिवसाला मोजक्या विमानांसाठी फिरती अँटेना, तिचे तेल, तिची बॅटरी आणि चोवीस तासांची माणसे पोसणे परवडणारे नाही, आणि न पोसलेले रडार नसलेल्यापेक्षा वाईट. शिवाय साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल भागातल्या पवनचक्क्यांची फिरती पाती जवळच्या प्रायमरी रडारवर विमानांसारखे खोटे ठिपके उमटवतील, तो ताप वेगळा. हवा तो एडीएस-बी रिसीव्हर. विमान स्वतःची जागा उपग्रहावरून काढून १०९० मेगाहर्ट्झवर साधारण सेकंदाला दोनदा सांगत असते, ती ऐकायला माणसाच्या उंचीएवढासुद्धा अँटेना लागत नाही. फिरणारा भाग एकही नाही. जळगावात शंभर फुटांच्या मनोऱ्यावर तो बसवला तर त्याच हिशेबाने आसपासच्या जमिनीपासून ३,००० फुटांवरचे विमान ८० मैलांवरून ऐकू येईल, म्हणजे जवळजवळ नंदुरबारपर्यंत. सातपुड्याच्या आडोशाला मात्र सावली राहील, तिथे दुसरा लागेल.

त्याची कमजोरी झाकून ठेवू नये. सगळी भिस्त उपग्रहावर असल्याने जीपीएसचे खोटे सिग्नल आले तर विमान आत्मविश्वासाने चुकीची जागा सांगते, आणि २०२५ मध्ये दिल्लीजवळ तशा तक्रारी आल्या होत्या. मुंबई-नागपूरची सेकंडरी रडारे त्यामुळे काढता येणार नाहीत. ती उपग्रहाला न विचारता स्वतः मोजतात. रडारलाही आभाळातून त्रास होतो म्हणा. ४ नोव्हेंबर २०१५ ला सूर्यावरून आलेल्या रेडिओ लहरींच्या उसळीने स्वीडनची सेकंडरी रडारे गोंधळली होती. दोन वेगळ्या कारणांनी बिघडणाऱ्या दोन यंत्रणा जवळ असणे, एवढेच हातात आहे.

रिसीव्हर येईल तेव्हा खान्देशच्या लोकप्रतिनिधींनी फीत कापण्यापूर्वी डेटाच्या दोन वाटा कागदावर मागून घ्याव्यात : एक रस्त्याकडेच्या फायबरने, दुसरी मायक्रोवेव्हने किंवा उपग्रहाने, दोन्ही वेगळ्या दारांनी इमारतीत शिरणाऱ्या. बॅटरीची खोली पश्चिमेच्या भिंतीला नको. अर्थिंगचा मे महिन्यातला आकडा दर्शनी फलकावर लावावा.

आणि वार्ताहरांना विनंती. पुढच्या वेळी विमाने थांबली की 'रडार का बंद पडले' याऐवजी साखळीतली कोणती कडी गेली, राखीव यंत्रणा किती मिनिटांत कामाला लागली आणि बॅटरीची भारावरची शेवटची चाचणी कोणत्या तारखेची आहे, हे विचारावे. केबल तुटल्याचे उत्तर मिळाले तर जेसीबीवाल्याचा फोटो छापण्याआधी, दोन्ही केबल एकाच चरात कोणी टाकल्या होत्या तेही विचारावे.

आपले,
विमान दळणवळण व देखरेख यंत्रणेत काम केलेले काही निवृत्त तंत्रज्ञ,
जळगाव-भुसावळ